जकात, कोळसा आणि माजरी

जकात : निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, चांदीचा ६१२.३६ ग्रॅम, सोन्याचा ८७.४८ ग्रॅम. एवढी संपत्ती चांद्रवर्षभर बाळगणाऱ्या मुसलमानाने तिचा अडीच टक्के भाग द्यायचाच असतो. घेणाऱ्यांचे आठ वर्ग कुराणात सांगितले आहेत. गरीब, कर्जात बुडालेले आणि वाटसरू त्यांत येतात. इंडोनेशियात ‘बाझनास’ ही सरकारी संस्था जकात गोळा करते, त्यामुळे तिथे प्रांतवार गरिबीशी जकातीचा संबंध आकड्यांत तपासता येतो. आपल्याकडे ती देणारा स्वतः किंवा मदरसे-संस्थांमार्फत देतो. एकत्रित सरकारी नोंद नसते. तेव्हा माजरी (ता. भद्रावती) या कोळसा खाणीच्या गावात जकातीने गरिबी किती हटली, हे आकड्यांत मांडता येणार नाही.

जकातीचे आकडे नाहीत म्हणून, कोळसा वाढला की गाव सुधारते, हे गृहीतक मात्र मान्य करता येत नाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लि.) खाणीसाठी शेत गेले, तर सातबाऱ्यावर नाव नसलेल्या मजुराला जमिनीच्या बदल्यातली नोकरी मिळत नाही. त्याच्यासाठी सरकारी खर्चच निर्णायक आहे. खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होते. ती पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर खाणबाधित गावांतच आधी खर्च व्हायला हवी. — संपादक