वर्धा जिल्ह्यातील पुराणकथा व दंतकथा

महाराष्ट्राच्या नागपूर विभागातील वर्धा जिल्ह्यात नद्या, डोह, टेकड्या, गढ्या व देवस्थाने यांच्याशी निगडित असलेल्या आणि परंपरेने सत्य मानल्या गेलेल्या कथांचा समुदाय. यात मुख्यतः दोन वर्ग आढळतात : महाभारत, भागवत इत्यादी ग्रंथांतून आलेल्या व येथील भूमीत रुजलेल्या पुराणकथा; आणि एखादा राजा वा अवलिया यांच्या नावाभोवती वाढलेल्या, मौखिक परंपरेने जतन झालेल्या दंतकथा. व्यवहारात या दोहोंतील सीमा पुसट असून एकाच टेकडीवर देवाची, दैत्याची आणि फकिराची कथा सुखेनैव नांदताना दिसते.

पार्श्वभूमी : जिल्हा या नात्याने वर्ध्याचे वय फार नाही. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून तो वेगळा काढण्यात आला, त्याचे पहिले ठाणे पुलगावनजीक कवठा येथे होते आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवून कचेऱ्या तेथे नेण्यात आल्या. परंतु ज्या नदीवरून जिल्ह्याला हे नाव मिळाले, ती वर्धा म्हणजे प्राचीन वरदा, कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाच्या दोन राज्यांची सीमा म्हणून येते, आणि १८०३ च्या देवगावच्या तहान्वये नागपूरकर भोसल्यांना नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला, तेव्हा तीच पुन्हा सरहद्द ठरली. राज्यकर्त्यांनी वारंवार सरहद्द म्हणून वापरलेला हा प्रवाह कथांनी मात्र कधी अडसर मानला नाही.

रुक्मिणीची कथा : विदर्भराज भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर ही वर्धा नदीच्या पश्चिम तीरावरील कौंडिण्यपूर होय, अशी सर्वमान्य श्रद्धा आहे. हे गाव आज अमरावती जिल्ह्यात मोडते. परंतु समोरच्या तीरावर आर्वी तालुक्यातील देऊरवाड्यालाही रुक्मिणीचे देवस्थान असून दोन्ही तीरांवरील लोक तिला आपलीच लेक मानतात. अंबिकेच्या दर्शनास गेलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णाने रथात घेतले, हा भागवताच्या दशम स्कंधातील प्रसंग कौंडिण्यपूरच्या अंबिकेच्या मंदिराशी जोडला जातो. मराठीत महानुभाव कवी नरेंद्र आणि पुढे एकनाथ यांनी या विषयावर स्वतंत्र काव्ये रचली. पैकी एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (१५७१) उपवर मुलींनी विवाह जुळावा म्हणून वाचण्याचा प्रघात पडल्यामुळे कथेला व्रताचे स्वरूप आले. आषाढी वारीत कौंडिण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते, ती माहेरची पालखी म्हणून.

या एकाच कथेचा विचार करून भागत नाही. अगस्त्याची लोपामुद्रा, नलाची दमयंती, अजाची इंदुमती आणि कृष्णाची रुक्मिणी या चौघीही विदर्भाच्या राजकन्या असून चौघींचेही वर परप्रांतीचे आहेत. विंध्याच्या दक्षिणेकडील या प्रदेशाची उत्तरेशी जडलेली नाती सोयरिकीच्या रूपाने स्मरणात ठेवण्याची ही परंपरेची रीत दिसते. आणि म्हणूनच येथील लोकमानसात विदर्भ हा जेत्यांचा वा जितांचा देश नसून माहेरचा देश आहे.

केळझर : सेलू तालुक्यात, नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर ही महाभारतातील एकचक्रा नगरी असे मानतात. लाक्षागृहातून निसटलेले पांडव ब्राह्मणवेषाने एकचक्रेत राहिले आणि गाडाभर अन्न, दोन रेडे व एक माणूस असा नेमाचा भक्ष्यभाग उकळणाऱ्या बकासुराला भीमाने मारले, ही आदिपर्वातील कथा गावामागील टेकडीशी व तिच्यावरील गणेशस्थानाशी जोडलेली आहे. हाच मान खानदेशातील एरंडोलही सांगते आणि उत्तर भारत व बंगाल येथेही त्याचे दावेदार आहेत. असे अनेक दावे परस्परांना बाधक वाटले, तरी कथेच्या दृष्टीने ते तिच्या सामर्थ्याचेच लक्षण आहे. कारण जुलमी वसुलीचा बंदोबस्त करणारा कुणी तरी परका पाहुणा आपल्या गावी मुक्कामास होता, ही भावना प्रत्येक गावाला हवीशी वाटते.

पवनार : धाम नदीकाठच्या पवनारच्या गढीविषयी अशी दंतकथा आहे, की तेथील पवनराजाजवळ परीस होता, तो रयतेकडून सारा म्हणून नांगराचे लोखंडी फाळ घेई आणि परिसाच्या स्पर्शाने त्यांचे सोने करी. पुढे दिव्य सामर्थ्याच्या एका परक्या योद्ध्याने चाल केली, तेव्हा राजाने राणीसह धामेच्या डोहात उडी घेतली. काळ्या जमिनीतील कुणबिकीवरच ज्या मुलखाची जमाबंदी उभी होती, तेथे राजाच्या खजिन्याचे मूळ फाळात शोधणारी ही कथा शेतकऱ्याने सांगितलेले राज्याचे अर्थशास्त्रच होय : सोने राजाचे, परंतु लोखंड आमचे.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पाचव्या शतकातील वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत मांडले. १९३८ मध्ये विनोबा भावे येथे राहावयास आल्यानंतर आश्रमाची जमीन खणताना प्राचीन शिल्पे मिळाली; त्यांतील एक भरतभेटीचे मानले जाऊन आश्रमात पूजिले जाते आणि मिराशींनीही या शिल्पांत रामकथेतील प्रसंग ओळखले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले. वाकाटकांचे नाव लोकस्मृतीतून सर्वस्वी लुप्त झाले असताना तेथे कधी काळी अपार वैभवाचा राजा होता, एवढे मात्र दंतकथेने टिकवून धरले, असे म्हणता येईल.

गिरड : समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून तेथे हिंदू व मुसलमान दोघेही नवस फेडावयास येतात. फरीद हिंदुस्थानातून फिरत फिरत १२४४ मध्ये येथे आले, असे परंपरा सांगते. लोकश्रद्धा त्यांना पाकपट्टणचे सुप्रसिद्ध बाबा फरीद मानते. मात्र बाबांची कबर पंजाबात असल्याने गिरड हे त्यांच्या चिल्ल्याचे, म्हणजे तपश्चर्येचे, स्थान समजले जाते. टेकडीवर पसरलेल्या जायफळासारख्या वाटोळ्या खड्यांची कथा विशेष प्रसिद्ध आहे. माल घेऊन चाललेल्या दोन व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगड झाला. ते शरण आले, तेव्हा फकिराने वाळलेल्या पानांतून त्यांना नवा माल निर्माण करून दिला आणि दोघेही जन्मभर त्याच्या सेवेस राहिले. टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच म्हणून दाखवतात. भूशास्त्राच्या मते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील वायूच्या पोकळ्यांत झिओलाइट खनिजे साचली व भोवतालचा काळा पाषाण झिजल्यावर त्यांचे गोटे मोकळे झाले. कथा आणि शास्त्र या दोहोंचा आरंभ एकाच प्रश्नातून, म्हणजे हे खडे येथे आले कोठून, यातून होतो. परंतु कथा तेवढ्यावर न थांबता उद्दामपणा, क्षमा आणि चाकरी यांचा निवाडाही देते.

उपपत्ती : पुराणकथांच्या उगमासंबंधी ग्रीक लेखक यूहेमेरस याने देव म्हणजे मूळचे थोर पुरुषच, असे मत मांडले, माक्स म्युलर याने त्यांत सूर्य, उषा इत्यादी निसर्गव्यापारांचे रूपक पाहिले, तर मालिनोव्हस्की याच्या मते (१९२६) पुराणकथा ही समाजाच्या चालीरीती व हक्क यांना आधार देणारी सनद असते. भारतीय सामग्रीच्या आधारे दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या ग्रंथात दैवतकथांमागील सामाजिक संघर्ष उलगडले आणि दुर्गा भागवत यांनी मराठीत लोकसाहित्याच्या अभ्यासाची शास्त्रीय मांडणी केली. वर्धा जिल्ह्यापुरते पाहता यूहेमेरसाचे सूत्र पवनारला काहीसे लागू पडते, मालिनोव्हस्कीचे मात्र जवळजवळ सर्वत्र. गिरडच्या दर्ग्याच्या खर्चासाठी पूर्वी गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. दप्तरातील तो कागद इनामाचा हक्क सांगे आणि पाषाणाची कथा त्या हक्काचे कारण सांगे. देऊरवाड्याची यात्रा, कौंडिण्यपूरच्या पालखीचा मान, केळझरच्या गणेशाचे माहात्म्य यांनाही कथेचाच दाखला आहे.

लेखनिविष्ट परंपरा : या कथा प्रथम पद्धतशीरपणे कागदावर आल्या त्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरांत, १८७० मध्ये चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले प्रांताचे व १९०६ मध्ये रसेल यांनी सिद्ध केलेले जिल्ह्याचे गॅझेटिअर ही त्यांतील मुख्य साधने. मालगुजार, पाटील, पुजारी व मुजावर यांच्या तोंडून कारकुनांनी टिपून घेतलेल्या या कथा अंमलदारांच्या इंग्रजीतून संक्षेपाने छापल्या गेल्या, तेथून मराठी स्थलवर्णनांत परतल्या आणि आता गावकरीही पुष्कळदा तोच छापील पाठ सांगतात. त्यामुळे जात्यावरच्या ओव्यांत, यात्रेतल्या गप्पांत व गोंड-कोलामांच्या बोलीत असलेले अन्य पाठ मागे पडतात. तेव्हा अभ्यासकाने कथेबरोबर ती सांगणारा कोण, त्याचा त्या स्थानाशी हक्कसंबंध कोणता व त्याने ती कोणत्या प्रसंगी सांगितली, हेही नोंदवून ठेवणे इष्ट आहे. सनद कोणाच्या नावे आहे हे कळल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही.