दोन वर्षांचा पूल

शिकागो शहराच्या नैर्ऋत्येस थोड्या अंतरावर जोलिएट नांवाचें एक कष्टकऱ्यांचें गांव आहे. सन १९०१ मध्यें तेथील हायस्कुलाच्या इमारतींत अवघ्या सहा विद्यार्थ्यांचा एक वर्ग सुरू झाला. हायस्कुलाचें शिक्षण संपलेल्या या मुलांना विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास गांवींच मिळावा, आणि तो पुरा झाल्यावर त्यांनीं विद्यापीठांत जाऊन एकदम तिसऱ्या वर्षांत बसावें, अशी ही योजना होती. योजनेमागें दोन गृहस्थ होते. एक जोलिएटच्या शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन, आणि दुसरे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर. पुढें ज्या संस्थांतून अमेरिकेंतील कोट्यवधि तरुण-तरुणी शिकल्या, त्या संस्थांचा उगम या सहा जणांच्या वर्गांत सांपडतो.

हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित, पण व्यवहारांतही तितकेच दक्ष. चार वर्षांच्या पदवी-अभ्यासक्रमाचे त्यांनीं आपल्या विद्यापीठांत दोन भाग पाडले होते. पूर्वार्धास 'ज्युनिअर कॉलेज' आणि उत्तरार्धास 'सीनिअर कॉलेज' अशीं नांवें दिलीं होतीं. (आपल्याकडे अकरावी-बारावीच्या वर्गांना हेंच नांव पडलें आहे, त्याच्याशीं याची गल्लत करूं नये.) पूर्वार्धाचें शिक्षण गांवोगांवच्या संस्थांनीं उचललें, तर विद्यापीठाला उच्च अध्ययन आणि संशोधन यांकडे मोकळेपणानें वळतां येईल, हा त्यांचा हेतु. गरीब घरच्या मुलास दोन वर्षें घरचें अन्न खाऊन शिकतां येईल, हा योजनेचा दुसरा लाभ. विद्यापीठाची सोय आणि गरिबाची सोय अशा दोन खांबांवर हा पूल उभा राहिला. यांतील पहिला खांब पुढें कोणास हलवावासा वाटला नाहीं. दुसऱ्याची मात्र वारंवार हेळसांड झाली.

कल्पना झपाट्यानें पसरली. १९०७ सालीं कॅलिफोर्निया संस्थानानें हायस्कुलांना असे पुढील वर्ग चालविण्याची कायद्यानें मुभा दिली, व १९१० सालीं फ्रेस्नो येथें त्या संस्थानांतील पहिलें ज्युनिअर कॉलेज निघालें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ सालीं, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनें सोसावा असा कायदा झाला आणि कॉलेजांच्या दारांत रांगा लागल्या. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या समितीनें अशीं कॉलेजें सर्वत्र काढावीं अशी शिफारस केली. 'कम्युनिटी कॉलेज', म्हणजे त्या त्या वस्तीचें आपलें कॉलेज, हें नांव रूढ झालें तें या समितीमुळें. १९६० सालीं कॅलिफोर्नियानें उच्च शिक्षणाची जी व्यापक योजना आंखली, तींत वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना संस्थानाच्या मुख्य विद्यापीठांत, वरच्या एक-तृतीयांशांना संस्थानी कॉलेजांत आणि बाकी सर्वांना या दोन वर्षांच्या कॉलेजांत प्रवेश, अशी वांटणी ठरली. जे मागें राहिले त्यांना, योग्यता दाखविल्यास, तिसऱ्या वर्षीं विद्यापीठांत जागा मिळेल असें आश्वासनही तींत होतें. सारी न्यायबुद्धि त्या आश्वासनावर अवलंबून होती.

येथें एक प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहज येईल. एका कॉलेजांत दोन वर्षें काढून दुसऱ्यांत जाणें यांत एवढें अवघड तें काय? आपल्याकडे जुन्या काळीं तें नित्याचेंच होतें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं कॉलेजच्या शिक्षणाचा आरंभ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत केला आणि १८८४ सालीं बी. ए. ची पदवी घेतली ती मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून. कोल्हापुरांत झालेला अभ्यास मुंबईंत धरावयाचा कीं नाहीं, असा वाद उपस्थित होण्याचें कारण नव्हतें. कारण परीक्षा कॉलेजाची नसून मुंबई विद्यापीठाची असे. परीक्षक एकच, प्रश्नपत्रिका एकच, आणि पास झालेला विद्यार्थी सगळीकडे पासच. त्या पद्धतींत घोकंपट्टीचा दोष होता खरा, परंतु वाटेंत विद्यार्थ्याची शिदोरी कोणी काढून घेत नसे.

अमेरिकेंत असा सामाईक परीक्षक नाहीं. प्रत्येक कॉलेज आपला अभ्यासक्रम आपण ठरवितें, आपल्या विद्यार्थ्यांची परीक्षा आपणच घेतें आणि प्रत्येक विषयाबद्दल ठराविक श्रेयांक देतें. पदवीला साधारणतः १२० श्रेयांक लागतात. म्हणजे दोन वर्षांचे ६० झाले. आतां एखादी विद्यार्थिनी दिवसा दुकानांत काम करून, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन असे ६० श्रेयांक मिळविते व विद्यापीठाच्या दाराशीं येते. दार उघडतें, प्रवेश मिळतो. मग एकेका विभागाचे अध्यापक तिच्या कागदांची छाननी करतात. गणिताचा अभ्यास आपल्या अभ्यासाशीं जुळत नाहीं, असें एक विभाग म्हणतो. रसायनशास्त्र चालेल, पण मुख्य विषयांत धरतां येणार नाहीं, केवळ ऐच्छिक म्हणून जमा करूं, असें दुसरा म्हणतो. कागदावर श्रेयांक स्वीकारले जातात, पण पदवीच्या कामीं येत नाहींत. तिसऱ्या वर्षांत बसावयास आलेली मुलगी प्रत्यक्षांत दुसऱ्या वर्षांत येऊन पडते आणि एकदां शिकलेलें पुन्हां पैसे देऊन शिकते.

हा अनुभव एकटीदुकटीचा नव्हे. सरकारी हिशेब तपासणाऱ्या संघराज्य कचेरीनें २०१७ सालीं एक अहवाल प्रसिद्ध केला. २००४ ते २००९ या काळांत एका संस्थेंतून दुसरींत गेलेल्या सर्व प्रकारच्या विद्यार्थ्यांचे सरासरीनें ४३ टक्के श्रेयांक वाटेंत गळाले, असा त्याचा अंदाज होता. शंभर रुपये घेऊन नदी ओलांडणाऱ्यास पलीकडे सत्तावनच हातीं लागावे, तसा हा प्रकार. त्यांतच गरीब विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी पेल वेतनाला २०१२ पासून बारा सहामाह्यांची मर्यादा घातली गेली. फुकट गेलेली प्रत्येक सहामाही त्या बारांतूनच वजा होते. ज्याच्या घरीं पैसा आहे त्यास हा विलंब त्रासाचा. ज्याच्या घरीं नाहीं त्यास तो शिक्षणाचा शेवट ठरूं शकतो.

अभ्यासाच्या अडचणी याहून निराळ्या. १९६५ सालीं जॉन हिल्स या अभ्यासकानें दाखविलें कीं ज्युनिअर कॉलेजांतून आलेल्या विद्यार्थ्यांचे गुण विद्यापीठांतील पहिल्या सहामाहींत बहुधा घसरतात. या घसरणीस 'स्थलांतराचा धक्का' असें नांव पडलें. लहान वर्ग, नांवानें हांक मारणारे शिक्षक व ओळखीचें गांव सुटतें. शेंकडों मुलांनीं भरलेलें व्याख्यानगृह समोर येतें. आणि बरोबरीच्या मुलांच्या मैत्री तर पहिल्याच वर्षीं जुळून गेलेल्या असतात. पण याच संशोधनानें दुसरी बाजूही दाखविली: ही घसरण पुष्कळदां तात्पुरती असते. त्याच वर्षीं डॉरोथी नोएल व लेलंड मेडस्कर यांनीं दहा संस्थानांतील सुमारें सात हजार विद्यार्थ्यांचा मागोवा घेऊन, यांतील बहुसंख्य विद्यार्थी पदवीपर्यंत पोंचूं शकतात, असा निष्कर्ष काढला. मुलांच्या अंगीं योग्यता नव्हती म्हणून तीं मागें पडलीं, हें म्हणणें यापुढें सोपें राहिलें नाहीं.

कांहीं दोष खुद्द या कॉलेजांकडेही होता. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञानें कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील कॉलेजाचा अभ्यास करून १९६० सालीं एक कटु सत्य मांडलें. विद्यापीठांत जाण्याची आकांक्षा घेऊन आलेल्या दुबळ्या विद्यार्थ्यास उघड नकार न देतां, चांचण्या आणि उपदेश यांच्या द्वारें हळूहळू एखाद्या धंदेशिक्षणाकडे वळविलें जातें, असें त्यांस आढळलें. या क्रियेला त्यांनीं जें नांव दिलें त्याचा भावार्थ 'उमेद निवविणें' असा होतो. धंदेशिक्षणांत कमीपणा मुळींच नाहीं. पण ज्याला पलीकडे जावयाचें होतें त्याला पूल कोठें आहे हें न सांगतांच घाटावर बसविणें, हा न्याय नव्हे.

या सर्वांचा परिणाम आंकड्यांत दिसतो. २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें, कम्युनिटी कॉलेजांत आरंभ करणाऱ्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांशच चार वर्षांच्या संस्थेंत पोंचतात, आणि त्यांतले निम्म्याहून किंचित् कमी सहा वर्षांच्या आंत पदवी मिळवितात. म्हणजे शंभरांतले सुमारें सोळा. पदवीची इच्छा मात्र बहुसंख्यांनीं बोलून दाखविलेली असते.

उपाय अज्ञात होते असें नाहीं. फ्लॉरिडा संस्थानानें १९७१ सालींच आपलीं कॉलेजें व विद्यापीठें यांत करार घडवून आणला, आणि त्याच दशकांत सर्व सरकारी संस्थांतील समान विषयांना समान क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. एका ठिकाणीं पास झालेला विषय दुसरीकडे त्याच क्रमांकानें ओळखला जाऊं लागला. कॅलिफोर्नियानें २०१० सालीं कायदा करून ६० श्रेयांकांची एक खास पदवी निर्माण केली. ती घेणाऱ्यास संस्थानी विद्यापीठांत आणखी ६० श्रेयांकांत पदवी पुरी करतां यावी अशी तरतूद झाली. विषयांच्या समान क्रमांकांचा कायदा तेथें २०२१ सालीं झाला, म्हणजे फ्लॉरिडाच्या करारानंतर पन्नास वर्षांनीं.

एवढा उशीर कां लागावा? जोलिएटच्या वर्गांत सहा विद्यार्थी होते, व त्यांच्या पाठीशीं दोन माणसें होतीं. ब्राउन यांनीं काय शिकविलें हें हार्पर यांस ठाऊक होतें. एकाचा शब्द दुसऱ्यास पुरत होता. पुढें विद्यार्थी लाखांनीं वाढले, आणि तो शब्द कोणीं द्यावयाचा हें मात्र ठरलें नाहीं. कॉलेज म्हणालें, आम्हीं शिकविलें. विद्यापीठ म्हणालें, आम्हीं प्रवेश दिला. मधल्या अंतराची जबाबदारी अर्थातच विद्यार्थ्यावर, म्हणजे तिघांतल्या सर्वांत दुबळ्यावर, येऊन पडली.

आपल्या देशांतही १९२० सालच्या नव्हे, तर २०२० सालच्या नव्या शिक्षणधोरणानंतर हा प्रश्न दाराशीं आला आहे. त्या धोरणास अनुसरून २०२१ मध्यें श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी स्थापन झाली. विद्यार्थ्यानें एका संस्थेंत मिळविलेले श्रेयांक तेथें जमा व्हावे आणि दुसरींत उपयोगीं पडावे, असा तिचा उद्देश आहे. पेढी उघडणें हें चांगलेंच झालें. पण पेढीची पत तिच्या नांवावर ठरत नाहीं. ठेवलेली रक्कम मागतांक्षणीं पुरी परत मिळते कीं नाहीं, यावर ती ठरते. अमेरिकेच्या सव्वाशें वर्षांच्या अनुभवांतून घेण्यासारखा धडा असेल तर तो हाच.