पटर घ्यायचाय? ब्रँड नंतर बघा, आधी स्वतःचा स्ट्रोक ओळखा

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लांब उडालेला चेंडू. पण स्कोअर बिघडतो शेवटच्या काही फुटांवर, म्हणजे ग्रीनवर. तिथे चेंडू होलमध्ये घालण्यासाठी मारतात तो फटका म्हणजे पट आणि त्यासाठी वापरतात ती काठी म्हणजे पटर.

पार ७२ च्या कोर्सवर १८ होल असतात आणि पारच्या हिशेबात प्रत्येक होलला २ पट धरलेले असतात. म्हणजे ७२ पैकी ३६ फटके एकट्या पटरचे. तरी नवीन खेळाडू पैसे घालतो ड्रायव्हरवर आणि पटर घेतो दिसायला भारी आहे म्हणून.

एका अंशाने काय होतं?

समजा, सपाट ग्रीनवर १० फुटांवरून पट मारायचा आहे. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम २ इंच. चेंडूला लागताना पटरचा फेस फक्त १ अंशाने वाकडा असेल, तर होलपाशी पोहोचेपर्यंत चेंडू जवळपास २ इंच बाजूला गेलेला असतो. मग तो आत पडणार की कडेला चाटून जाणार, हे नशिबावर.

म्हणून असा पटर हवा, जो तुमच्या हाताच्या सवयीशी भांडणार नाही.

तुमचा स्ट्रोक कोणता?

ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

सरळ स्ट्रोक: पटर एका रेषेत मागे जातो आणि त्याच रेषेत पुढे येतो.

आर्क स्ट्रोक: पटर मागे जाताना थोडा आतल्या बाजूला वळतो, चेंडूपाशी सरळ होतो आणि पुढे जाताना पुन्हा आत वळतो. दार उघडतं आणि मिटतं, तसा फेस फिरतो.

यात चूक-बरोबर काही नाही. बहुतेकांच्या स्ट्रोकमध्ये कमी-जास्त आर्क असतोच.

ओळखायचं कसं? घरातल्या फरशीची सरळ रेघ पकडा. चेंडू रेघेवर ठेवा, फोन मागे त्याच रेघेत ठेवून व्हिडिओ सुरू करा आणि नेहमीसारखे १० पट मारा. मुद्दाम सरळ मारायला जाऊ नका. मग स्लो मोशनमध्ये बघा, पटर रेघेवर राहतोय की आत जातोय.

आता पटर तपासा

पटरचा दांडा हेडच्या जवळ एका बोटावर आडवा तोलून धरा.

- फेस आकाशाकडे बघतोय: हा फेस बॅलन्स्ड पटर. तो कमी फिरतो, त्यामुळे सरळ स्ट्रोकला साथ देतो.
- हेडचं बाहेरचं टोक, म्हणजे टो, तिरकं खाली झुकतंय: याला टो हँग म्हणतात. मध्यम आर्कसाठी हा ठीक.
- टो थेट जमिनीकडे: टो हँग जास्त. मोठा आर्क असणाऱ्यांसाठी.

कारण साधं आहे. टो हँगच्या पटरमध्ये हेडचं वजन दांड्याच्या रेषेपासून बाजूला असतं, त्यामुळे हेडला फिरायला आवडतं. सरळ स्ट्रोकवाल्याने असा पटर घेतला, तर फेस सरळ ठेवायला मनगटाला जादा काम लागतं. उलट, मोठा आर्क असणाऱ्याला फेस बॅलन्स्ड पटर फिरवताना अडल्यासारखा वाटतो.

मॅलेट म्हणजे सरळ, ब्लेड म्हणजे आर्क?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. ब्लेड म्हणजे बारीक, पट्टीसारखं हेड. मॅलेट म्हणजे मोठं, मागे पसरलेलं हेड. मॅलेटचा मुख्य फायदा असा, की चेंडू मधोमध लागला नाही तरी हेड कमी वळतं. बॅलन्स मात्र दांडा हेडला कुठे आणि कसा जोडलाय यावरही ठरतो. त्यामुळे टो हँग असलेले मॅलेटही मिळतात.

ताजं उदाहरण स्कॉटी शेफलरचं. जगातला नंबर १ खेळाडू, पण पटिंगवरून टीका होत होती. मार्च २०२४ मध्ये त्याने ब्लेड सोडून मॅलेट घेतला आणि आर्नोल्ड पामर इन्व्हिटेशनल ५ फटक्यांनी जिंकली. पुढच्याच आठवड्यात प्लेयर्स आणि एप्रिलमध्ये मास्टर्स. तो मॅलेट फेस बॅलन्स्ड नव्हता, त्यात टो हँग होता. दुसरीकडे टायगर वूड्सने १५ पैकी १४ मेजर स्पर्धा एकाच ब्लेडने जिंकल्या. म्हणजे आकार बघून फसू नका.

लांबी विसरू नका

दुकानात साधारण ३३ ते ३५ इंचांचे पटर मिळतात. हात सैल सोडून वाकल्यावर पकड जिथे येते, ती तुमची लांबी. पटर लांब पडला तर तुम्ही चेंडूपासून दूर उभे राहता आणि स्ट्रोकचा आर्क वाढतो. म्हणजे लांबी चुकली तर आधीची सगळी तपासणीही चुकते.

शेवटी, हे नियम निवड सोपी करण्यासाठी आहेत, दगडावरची रेघ नाहीत. दोन-तीन पटर निवडा, प्रत्येकाने ६ फुटांवरून १० पट मारा आणि किती आत गेले ते मोजा. ज्याने जास्त गेले, तो तुमचा पटर.