पलटणीच्या शाळेतले हेडमास्तर

डॉ. आंबेडकरांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ पहिल्या प्रकरणात येतात आणि मुलगा मोठा होऊ लागला की मागे पडतात. आज आम्ही त्या मागे पडलेल्या माणसाविषयी बोलणार आहोत.

हे घराणे कोकणातले, आंबडव्याचे. रामजींचे वडील मालोजीही पलटणीतच होते. गावात ज्यांना शाळेची पायरी चढू देत नसत, त्यांना लष्करात मात्र अक्षरओळख सक्तीची होती. शिपायाला, तशीच त्याच्या मुलांनाही. यात सरकारचे औदार्य फारसे नसावे, असे आमचे मत आहे. पण दार उघडे होते खरे, आणि रामजी त्यातून आत शिरले. पुण्यास लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले व पुढे 14 वर्षे लष्करी शाळेत हेडमास्तरकी केली. महूच्या छावणीत 1891 साली भीमरावांचा जन्म झाला.

त्याच सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. 1818 साली कोरेगावला लढलेल्यांचे वंशज एकाएकी लढण्यास नालायक ठरले! याविरुद्धच्या अर्जासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांचे साहाय्य घेतल्याचे चरित्रकार सांगतात. अर्जाचा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली महारांची पलटण उभारली, आणि गरज सरताच 1921 साली मोडली.

युनियनच्या कामात आयुष्य गेलेल्या आम्हांला यातली मेख चटकन कळते. भरती बंद म्हणजे नुसता पगार बंद नव्हे. शाळा नोकरीला बांधलेली होती. नोकरी गेली तशी पुढल्या पिढीची शाळाही गेली. 1982 च्या गिरणी संपात आमची सातवी अशीच सुटली. वडिलांचा पगार थांबला, आणि वह्यापुस्तकांचा विषय घरात कोणी काढलाच नाही. पुढचे वाचन केले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर.

रामजी निवृत्त झाले. दापोली, सातारा असे करीत कुटुंब मुंबईस परळच्या डबक चाळीत आले. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. पलटणीची शाळा आता नव्हती. तेव्हा सुभेदारांनी ती घरात भरवली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. पहाटे उठवून भजने, पोथ्या म्हणवून घेत, कारण ते कबीरपंथी होते.

चाळीतली खोली एकच. चूल, सरपण, माणसे, सगळे तिथेच. बापलेक दोघे एका वेळी आडवे होतील एवढी जागा नसे. मग मुलाने संध्याकाळीच झोपायचे. रात्री दोनला रामजी त्याला उठवीत, चिमणी पेटवून देत आणि त्याच्या जागी आपण अंग टाकीत. पहारा बदलण्याची ही रीत त्यांनी छावणीतून आणली होती, असे आम्हांला वाटते.

भीमराव 1907 साली मॅट्रिक झाले. रामजी 2 फेब्रुवारी 1913 रोजी वारले. मधल्या काळात पुस्तकांची मागणी वाढतच गेली आणि पेन्शन होती तेवढीच राहिली. नवे पुस्तक हवे झाले की सुभेदार धाकट्या लेकीच्या घरी जात, तिथे जमले नाही तर थोरलीकडे. तिचा एखादा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे ठेवून पुस्तक आणीत, आणि पेन्शन हाती पडली की दागिना सोडवून लेकीला परत करून येत.