भिक्षापात्रातील मांस

बौद्ध म्हणजे शाकाहारी, हा समज पाली विनयग्रंथांपुढे टिकत नाही. महावग्गात वैशालीच्या सिंह सेनापतीची कथा येते. त्याने बुद्धांना समांस भोजन दिले, तेव्हा गौतमासाठी पशू मारला, असा बोभाटा निर्ग्रंथांनी नगरभर केला. सिंहाने मात्र बाजारातले तयार मांसच आणवले होते. या प्रसंगी नियम ठरला : आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले वा तशी शंका आली, तर ते मांस भिक्षूला वर्ज्य, एरवी ग्राह्य.

चुल्लवग्गात देवदत्त पाच कडक नियम मागतो. आजन्म मत्स्यमांसत्याग हा त्यांतला एक. बुद्धांनी सक्ती नाकारली. भिक्षेवर जगणाऱ्याने दात्याच्या घासात निवड करू नये, ही दृष्टी यामागे दिसते.

पुढे लंकावतारसूत्राने ही सवलतच काढून घेतली : खाणारा आहे, म्हणून मारणारा आहे. सहाव्या शतकात चीनमधील लिआंग सम्राट वू याने भिक्षूंवर मांसबंदी लादली. तेथील अनेक विहारांना स्वतःची जमीन व मुदपाकखाने होते. काय शिजवावे, हे त्यांच्याच हाती होते. अहिंसा दोन्हीकडे तीच. भिक्षापात्राची जागा चुलीने घेतली, तसा आहाराचा नियम बदलला.