विकेंद्रित नियंत्रण

परस्परांत गुंतलेल्या मोठ्या प्रणालीच्या प्रत्येक भागाला स्वतःचा स्थानिक नियंत्रक देण्याची पद्धत. असा नियंत्रक फक्त आपल्या भागातील मापने वाचतो. शेजारच्या भागांचे धक्के मात्र त्याला सोसावेच लागतात. खरी अडचण येथेच आहे. सुटे असताना स्थिर असलेले भाग जोडल्यावर अस्थिर होऊ शकतात.

वीजजाल हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिणेचे जाल उर्वरित भारताशी समकालिक जोडले गेले आणि ५० हर्ट्झची वारंवारता देशभर सामाईक झाली. भार वाढला की ती घसरते. ही घसरण प्रत्येक जनित्राला जागच्या जागी मोजता येते, म्हणून टर्बाइनचा गव्हर्नर, म्हणजे तिचा स्थानिक वेग-नियंत्रक, कोणाच्या आदेशाची वाट न पाहता वाफ किंवा पाणी वाढवतो. सर्व गव्हर्नरांचा उतार (शून्यापासून पूर्ण भारापर्यंत वारंवारता किती टक्के घसरते ते प्रमाण) सारखा, समजा ५ टक्के, ठेवला तर वाढीव भार ज्याच्या त्याच्या क्षमतेच्या प्रमाणात वाटला जातो. निरोपाविना साधलेली ही वाटणी अभियांत्रिकीतील विलक्षण देखणी गोष्ट आहे. वारंवारतेतील उरलेली तफावत नंतर संथ, मध्यवर्ती नियंत्रण भरून काढते.

संशोधक वांग आणि डेव्हिसन यांनी १९७३ मध्ये विकेंद्रित नियंत्रणाची मर्यादा दाखवली: प्रणालीच्या काही ‘अचल विधा’, म्हणजे तिच्या वर्तनाचे काही मूळ प्रकार, कालनिरपेक्ष रेषीय स्थानिक नियंत्रकांनी बदलतच नाहीत. त्यांतली एखादी अस्थिर असेल, तर भागांमध्ये माहितीची देवाणघेवाण वाढवणे हा एक मार्ग उरतो.