डिव्हाइस ड्रायव्हरमधील लॉकची चढाओढ

डिस्क किंवा नेटवर्क कार्डाचे एकच रजिस्टर अनेक प्रोसेसरांनी एकाच वेळी बदलू नये, म्हणून कार्यप्रणालीतील ड्रायव्हर लॉक वापरतो. लॉकसाठी ताटकळणे वाढले की चढाओढ सुरू होते. रेल्वेतही असेच घडते: ठाणे-दिवा पट्ट्यात पूर्वी जलद लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या दोनच रुळांवर अडत. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि मार्ग वेगळे झाले. सॉफ्टवेअरमधला मुख्य उपायही मार्ग वेगळे करण्याचाच आहे.

लिनक्समध्ये म्युटेक्स या प्रकारच्या लॉकची वाट पाहणारे काम झोपी जाते आणि प्रोसेसर दुसऱ्या कामाला मिळतो. स्पिनलॉकची वाट पाहणारा प्रोसेसर मात्र जागीच फिरत राहतो. म्हणून स्पिनलॉक हाती असताना झोपवणारा, म्हणजेच ब्लॉकिंग कॉल करणे ही ड्रायव्हर लिहिणाऱ्याची सर्वांत घातक चूक. त्यातून सारे यंत्र गोठू शकते. इंटरप्ट हँडलरलाही झोपण्याची मुभा नसते. लांबणारे काम तो वर्कक्यूकडे किंवा स्वतंत्र थ्रेडकडे सोपवतो.

लिनक्स २.० मध्ये (१९९६) साऱ्या कर्नलवर एकच मोठे लॉक होते. जुन्या ड्रायव्हरांचे अनेक कॉल त्याच्याच भरवशावर चालत, त्यामुळे ते टप्प्याटप्प्यानेच काढावे लागले. २.६.३९ मध्ये (२०११) ते पूर्णपणे गेले. त्या चिकाटीच्या कामाला कर्नलच्या इतिहासात मोठे मोल आहे.

एका मोठ्या लॉकऐवजी अनेक बारीक लॉक केले की चढाओढ घटते, पण त्यांचा क्रम चुकल्यास दोन कामे एकमेकांना कायमची अडवतात. इंगो मोल्नार यांचे लॉकडेप हे साधन २००६ पासून असे चुकलेले क्रम हुडकते.